घरातल्या भंगारातून मिक्स्ड मीडिया, आणि कशाला कुठला गोंद

मिक्स्ड मीडिया म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एकाच बेसवर चिकटवून केलेलं चित्र. सामानाची काळजी नको, जुन्या लग्नपत्रिका, साडीचे काठ, फुटक्या बांगड्या, सायकलची चेन, बंद पडलेलं घड्याळ, सगळं चालतं, पुण्यात असाल तर रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. फक्त दिसेल ते उचलू नका. चंदीगडची नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली रॉक गार्डन बघितली असेल तर आठवा, तिथे बांगड्या म्हणजे नुसत्या बांगड्याच, ढिगाने, म्हणून ते भंगार वाटत नाही. चार-पाच प्रकार घ्या पण प्रत्येकाचे तुकडे भरपूर.

बेसला प्लायचा तुकडा बेस्ट. पुठ्ठा घेतलात तर तो ओला झाला की वाकतो, मग पुढून कागद चिकटवला की मागूनही एक चिकटवायचा, ओढ दोन्हीकडून सारखी बसते.

आता गोंद, सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. फेविकॉल पाण्यातला असतो, पाणी कुठेतरी मुरायला लागतं, त्यामुळे कागद, कापड, लाकूड यांना मस्त, पण पत्र्यावर प्लास्टिक लावलंत तर काही दिवसांनी टपकन पडणार. धातू-काचेला अॅरल्डाइट, म्हणजे दोन ट्यूबांत येणारा इपॉक्सी गोंद, दोन्ही ट्यूबांमधलं सारखं सारखं घेऊन, आणि आधी पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासून. चेनसारखं जड काही असेल तर गोंदाच्या भरवशावर राहूच नका, प्लायला भोकं पाडून तांब्याच्या तारेने मागे पीळ मारा. मैद्याची खळ स्वस्त पडते पण कसर लागते, बाइंडिंगवाले त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, ते विषारी आहे, पोरं सोबत असतील तर नकोच.

एसटीचं मशीनमधलं तिकीट, एटीएमची स्लिप हे थर्मल कागद, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेले, छपाई उडून जाते, झेरॉक्स काढून ती लावा. इंकजेट प्रिंट मात्र ओल्या गोंदाने पसरते. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, मला तरी ते आवडतं.

चिकटवायच्या आधी सगळं नुसतं मांडा, मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, कुठे गिचमिड झालीये ते लगेच कळतं. सगळं पक्कं सुकलं की तपकिरी अॅक्रिलिक पाण्यात पातळ करून सगळीकडे फिरवा आणि ओल्या फडक्याने लगेच पुसा, खाचांमध्ये रंग राहतो आणि वेगवेगळ्या वस्तू एका घरच्या वाटायला लागतात. काच असेल तिथे फडकं जपून. शेवटी मॅट वार्निशचा एक हात, चकाकणारं नको, त्यात फोटो नीट येत नाही.