वेबसाइटच्या जाहिरातींचे पैसे आणि एच-वन-बी: निघण्याआधीच ठरवा

एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, नव्याने निवड झालेल्यांची नोकरी लवकरात लवकर १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे सप्टेंबरात ठाण्या-ऐरोलीच्या बऱ्याच घरांत बॅगा भरायची धांदल असते. गोडा मसाला, लोणचं, डिग्रीच्या प्रती, सगळ्याची यादी होते. पण तुमची स्वतःची वेबसाइट असेल आणि तिच्यावर जाहिरातींचे पैसे येत असतील, तर तिचा निकालही विमानात बसण्याआधी लावा. न्यू जर्सीत बरीच वर्षं काढल्यावर आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो. घर चुकीचं घेतलं तर बदलता येतं. व्हिसाच्या स्टेटसमधली चूक पुढची कितीतरी वर्षं छळते.

एच-वन-बीवर ज्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज केला तिचंच, अर्जात लिहिलेलं काम करता येतं. बँकेचं व्याज, शेअर्सचा लाभांश, घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं भाडं याला सहसा हरकत नसते, कारण त्यासाठी तुम्ही राबत नाही. जाहिरातींचं मात्र इतकं सरळ नाही. जुन्या लेखांवर आपोआप पैसे येत राहणं वेगळं, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर नवा लेख लिहिणं, जाहिरातींच्या जागा बदलणं, स्पॉन्सर्ड पोस्टचा भाव ठरवणं वेगळं. हे दुसरं सरळसरळ काम आहे. पहिल्यालाही नियमांत कुठे स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही, म्हणून तेही गृहीत धरू नका.

"दादा, पैसे बाबांच्या नौपाड्याच्या खात्यात जातील, मग अमेरिकेचा काय संबंध?" असं मुलं विचारतात. संबंध आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या खोलीत बसून केलेलं काम अमेरिकेतच केलेलं असतं, पैसे कुठेही जमा होवोत.

दुसरा गैरसमज कराचा. कर भरला म्हणजे काम कायदेशीर झालं, असं होत नाही. करखात्याला परवानगी नसलेल्या कामाच्या उत्पन्नावरही कर हवाच असतो, आणि तो भरावाच लागतो. पण साइट धंदा म्हणून चालवत असाल तर ते उत्पन्न शेड्यूल सीमध्ये, म्हणजे कराच्या विवरणपत्रातल्या धंद्याच्या फॉर्ममध्ये, दाखवायचं असतं. म्हणजे मी इथे धंदा करतो, हे तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून देता. पुढे ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जात परवानगीशिवाय कधी काम केलं का, असा थेट प्रश्न येतो. नोकरीवरच्या ग्रीन कार्डसाठी अशा चुकीला एकूण १८० दिवसांपर्यंत सूट मिळू शकते, पण तिच्या भरवशावर कुणी साइट चालवू नये.

मग मेहनतीने उभी केलेली साइट बंद करायची का? नाही. घरचं कुणी खरोखर चालवणार असेल तर त्यांच्या हाती द्या. समजा यऊरच्या पक्ष्यांची साइट आहे आणि धाकट्या भावाला त्यात रस आहे. ॲडसेन्सचं, म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेचं, खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणून त्याने स्वतःच्या नावाने नवं उघडायचं. १० डॉलर जमले की पत्ता पडताळायच्या पिनचं पत्र पोस्टाने घरच्या पत्त्यावर येतं. सोसायटीच्या पत्रपेटीवर लक्ष ठेवायला सांगा. ती पत्रं दिसायला अगदी साधी असतात, बिलांच्या गठ्ठ्यात सहज हरवतात, आणि चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे १०० डॉलर झाल्यावर मिळतात. ते पैसे भावाचे, कर त्याचा, लेखही त्याचे. तुम्ही तिकडून मजकूर पुरवत राहिलात तर खातं बदलून काहीच साधत नाही.

घरात कुणी हे सांभाळणारं नसेल, तर जाहिराती काढून टाका आणि हौसेने लिहीत राहा. पैसे न घेता लिहायला कुणी अडवत नाही.

एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, येणाऱ्या जोडीदाराला, मग ती पाककृतींची साइट का असेना, पहिल्या दिवसापासून कमाई करता येत नाही. काही एच-फोर जोडीदारांना २०१५ पासून काम करण्याचं कार्ड, म्हणजे ईएडी मिळतं, पण त्यासाठी साधारणपणे एच-वन-बीवाल्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी सहसा कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असावा लागतो. ते हातात आलं की स्वतःचा व्यवसायही चालतो. एल-टूवरच्या, म्हणजे कंपनीने अमेरिकेत बदलीवर पाठवलेल्याच्या, जोडीदाराला मात्र आल्यापासून काम करता येतं. आय-९४वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, एल-टू-एस लिहिलंय का ते तपासा.

ठाण्यातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या. परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर अमेरिकेत एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि त्यात हे खातंही धरतात.

शंका उरलीच तर स्वतःची फी भरून इमिग्रेशन वकिलाला विचारा; कंपनीने नेमलेला वकील कंपनीचंही हित बघणार. जाताना शेवटचा लेख कोणत्या तारखेचा, साइटचं लॉगिन कुणाकडे आणि ॲडसेन्सचे दरमहाचे हिशेब, हे सगळं छापून सोबत न्या.