'सी' निगेटिव्ह आल्यानंतरची तयारी

हिपॅटायटिस सीचा, म्हणजे यकृताला होणाऱ्या एका विषाणूसंसर्गाचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. ताईच्या पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठत होते, सांधे दुखत होते, जिना चढताना ती मध्येच बसायची. तरी 'सी नाही ना, मग झालं' असंच आम्ही धरून चाललो. ठिपके, सांधेदुखी आणि गळून जाणं हे त्रिकूट 1966 सालीच मेल्ट्झर आणि फ्रँकलिन यांच्या गटाने क्रायोग्लोब्युलिनशी, म्हणजे रक्तातल्या गारव्यात साकळणाऱ्या प्रथिनांशी, जोडून दाखवलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. या प्रथिनांमुळे रक्तवाहिन्यांना दाह होतो, त्याचं सर्वांत ओळखीचं कारण हिपॅटायटिस सी आहे. पण ते नसेल, तर शोध थांबवायचा नसतो, तिथूनच सुरू करायचा असतो. त्या शोधासाठी काय काय हाताशी ठेवावं, ते सांगते.

सर्वांत आधी तयारी करा ती रक्ताच्या नमुन्याची. बाकी सगळं चुकलं तर दुरुस्त होतं, हे चुकलं तर आजारच कागदावरून नाहीसा होतो. क्रायोग्लोब्युलिन शरीराच्या उष्णतेत, म्हणजे 37 अंशांना, रक्तात विरघळलेली असतात. त्याखाली ती एकत्र येऊन तळाशी बसतात. नमुना वाटेत गार झाला तर ती रक्ताच्या गुठळीबरोबरच खाली जातात, वर उरलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर राहणाऱ्या पिवळसर द्रवात, काही सापडत नाही आणि रिपोर्टवर येतं 'आढळले नाही'. ताईचा पहिला नमुना असाच वाया गेला. साध्या रॅकमध्ये इतर नळ्यांबरोबर तो तासभर उभा होता, आणि मी शेजारीच बसले होते.

म्हणून आदल्या दिवशी लॅबला फोन करा आणि स्पष्ट विचारा: नळ्या आधी गरम करून ठेवता का? रक्त गोठेपर्यंत 37 अंशांनाच ठेवता का? सीरम वेगळं करतानाही उष्णता सांभाळता का? नंतर ते 4 अंशांना किती दिवस ठेवून पाहता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'सात दिवस' असायला हवं. काही प्रकारची प्रथिनं एका दिवसात खाली बसतात, काहींना पूर्ण आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशीच 'निगेटिव्ह' म्हणणाऱ्या रिपोर्टवर विसंबू नका. कलेक्शन सेंटरवर रक्त देऊन ते पुढे पाठवण्यापेक्षा जिथे चाचणी होते तिथेच जाणं केव्हाही चांगलं. उपाशीपोटी यायचं का, तेही विचारून घ्या. संशय दाट असेल तर एका निगेटिव्हवर थांबू नये, दुसऱ्यांदा, गरज पडली तर तिसऱ्यांदाही नमुना द्यावा.

ताईच्या दुसऱ्या नमुन्याची नळी टेक्निशियनबाईंनी मला दाखवली. चौथा दिवस होता. पिवळसर सीरमच्या तळाशी बोटभर पांढुरका, धुकट थर. त्यांनी नळी कोमट पाण्यात उभी केली, आणि पाहता पाहता तो थर विरून गेला, सीरम पुन्हा स्वच्छ झालं. महिनाभर ताईच्या पायांवर जे उमटत होतं, ते त्या नळीत मला डोळ्यांनी दिसलं.

क्रायोचा निकाल येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. सी4 हा रक्तातल्या प्रतिकारयंत्रणेचा घटक (याचा हिपॅटायटिस सीशी संबंध नाही) आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही अँटिबॉडी, या दोन साध्या चाचण्या लवकर मिळतात. सी4 खूप खाली आणि फॅक्टर वर असेल, तर डॉक्टरांचा संशय बळावतो. त्याच नमुन्यात मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन करा, सकाळच्या लघवीत प्रथिनं आणि लाल पेशी तपासून घ्या. मूत्रपिंडाला होणारी इजा दुखत नाही. लघवी फेसाळ होते, रक्तदाब चढतो, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रक्तदाबाची वही घाला. आणखी एक गोष्ट: ही प्रथिनं गार नमुन्यात पेशी मोजणाऱ्या यंत्रालाही फसवतात, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट उगाच जास्त दिसू शकतात. आकडा विचित्र वाटला तर नमुना गरम करून पुन्हा मोजायची विनंती करा.

आता कारणाचा शोध. आधी 'सी निगेटिव्ह' म्हणजे नेमकं काय, ते पाहा. फक्त अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेलं प्रथिन, तपासली की विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंशसुद्धा? दोन्ही हवेत. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीही तपासलेले असावेत. मग स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार. त्यात डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा श्योग्रेन पहिला. डॉक्टर विचारण्याआधीच आठवून लिहून ठेवा: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का, कोरडा घास पाण्याशिवाय उतरतो का, रात्री तोंड कोरडं पडून जाग येते का. ताईला हे वर्षानुवर्षं होतं, पण ती त्याला आजार समजतच नव्हती. ल्युपस या अशाच दुसऱ्या आजारासाठी एएनए ही अँटिबॉडीची आणि त्यापुढच्या चाचण्या होतात. तिसरी वाट रक्ताच्या पेशींची. वजन उतरलंय का, रात्री घामाने कपडे भिजतात का, मानेत किंवा काखेत गाठ लागते का? यासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन या रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणाऱ्या चाचण्या लागतात, त्यातून एकाच साच्याचं प्रथिन निघालं तर लिम्फोमा किंवा मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगांच्या दिशेने पाहावं लागतं. फ्रान्समधल्या 242 रुग्णांच्या पाहणीत, ज्यांना कोणताही जंतुसंसर्ग नव्हता अशांपैकी सुमारे 30 टक्क्यांत स्वप्रतिकारक आजार आणि 22 टक्क्यांत रक्ताचा कर्करोग सापडला. उरलेल्यांत, म्हणजे जवळपास निम्म्या रुग्णांत, कारण मिळालंच नाही. तेव्हा कारण सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही, आणि आज सापडलं नाही म्हणून पुढे शोधायचं सोडू नये.

ठिपक्यांचे फोटो काढा, तारखेसह, शेजारी मोजपट्टी ठेवून. काचेने दाबल्यावर रंग जातो की तसाच राहतो, तेही नोंदवा. बायॉप्सी ताज्या ठिपक्याची हवी, शक्यतो एक-दोन दिवसांतल्या. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा, नवे ठिपके उठले की लगेच जाता येतं.

उपचार ठरले, विशेषतः प्रतिकारशक्तीच्या बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब, की ते सुरू होण्याआधीची कामं वेगळी. हिपॅटायटिस बीचे दोन्ही रिपोर्ट, सध्याच्या संसर्गाचा आणि जुना संसर्ग दाखवणाऱ्या कोअर अँटिबॉडीचासुद्धा, फाइलीत आहेत ना पाहा, कारण दबलेला बी या औषधाने उसळू शकतो. आयजीजी या संसर्गापासून वाचवणाऱ्या अँटिबॉडीची पातळी मोजून घ्या. न्युमोनिया आणि फ्लूच्या लशी वेळ असेल तर दोन ते चार आठवडे आधी घ्याव्यात, जिवंत विषाणूंच्या लशी टाळाव्यात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलायचा असेल किंवा एखादी शस्त्रक्रिया असेल, तर सलाइन आणि द्रव कोमट असावेत, खोली गार नसावी, हे प्रत्येक नव्या माणसाला पुन्हा सांगा. घरी हातमोजे, मोजे, गरम पाणी.

आणि ही एक चिठ्ठी फाइलीच्या पहिल्याच पानाला लावा. चालताना पाऊल लोंबायला लागून चप्पल निसटली, पोटात अचानक तीव्र कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, लघवी कमी झाली, बोटाचं टोक काळं पडलं किंवा उपचार चालू असताना ताप आला, तर डॉक्टरांनी दिलेल्या वेळेची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा. लशीसुद्धा अशा वेळी मागे राहू द्या. आम्ही ही चिठ्ठी ताईच्या हस्ताक्षरात लिहून घेतली आहे.