अर्थ पाठ, तरी शब्द वाक्यात चुकतो: माझा उपाय

इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ असूनही तो वाक्यात भलत्याच जागी पडतो, याचं कारण बहुतेक वेळा वहीतला एकशब्दी अर्थ. ‘मिटिगेट’ म्हणजे ‘कमी करणे’ एवढंच लिहिलं, की ‘मिटिगेट द प्राइस’ असं चुकीचं वाक्य तयार होतं. पूर्ण व्याख्या सांगते: वाईट गोष्टीची तीव्रता कमी करणे. म्हणून त्याच्यापुढे रिस्क, डॅमेज, इफेक्ट्स येतात. किंमत येत नाही.

व्याख्या मी इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातून घेतो. प्रत्येक शब्दाचं उजळणीसाठी एक छोटं कार्ड करतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं उदाहरणवाक्य. मागे शब्द, व्याख्या आणि सोबत येणारे दोन-तीन शब्द. गाळलेल्या जागेत पहिलं अक्षर द्यावं, नाहीतर तिथे ‘रिड्यूस’ही बसतं. शेवटी त्याच शब्दाचं स्वतःचं एक वाक्य. शब्दावर खरी पकड इथेच येते, ही पायरी कृपा करून गाळू नका.

दिवसाला ५ ते ७ शब्द पुरेत. उजळणी १, ३, ७, १६ आणि ३५व्या दिवशी. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

‘मिटिगेट’ आणि ‘मिलिटेट’ (एखाद्या गोष्टीच्या आड येणे) अशी सारख्या दिसणाऱ्या शब्दांची जोडी एकाच दिवशी घेऊ नका, हमखास गोंधळ होतो. एक पक्का झाला की दुसरा. ‘मिलिटेट’च्या मागोमाग ‘अगेन्स्ट’ येतं, तेही कार्डावर लिहा.