बोटीची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी या चुका टाळा

"अण्णा, बॅटरी नवीच टाकलीय, तरी सेल्फ उचलंना." सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी दाखवायला किंवा मासेमारीला मोटारबोट घालणाऱ्यांकडून ही तक्रार कायम ऐकू येते. जुनी बॅटरी बसली, दुकानातून नवी आणली, आठ-पंधरा दिवस बोट झकास चालली आणि पुन्हा तेच. अशा वेळी बॅटरीत खोट असण्यापेक्षा तिला पुरेसं चार्जिंग मिळत नसण्याची किंवा कुठंतरी करंट गळत असण्याची शक्यता जास्त असते. ते न शोधता बॅटरी बदलत राहिलात, तर नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाणार.

न मोजता निदान करू नका

साधा डिजिटल मल्टिमीटर चारेकशे रुपयांना मिळतो. बोटीच्या पेटीत तो पान्यांच्या शेजारी असलाच पाहिजे. तीन वेळा व्होल्टेज बघायचं. पहिलं, बोट रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही चालू करण्याआधी. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ च्या वर दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजू नका. तेव्हाचा आकडा वरवरचा फुगलेला असतो.

दुसरं माप सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) मारताना. आकडा ९.६ च्या खाली पडत असेल आणि बॅटरी आधी पूर्ण भरलेली असेल, तर बॅटरी कमजोर आहे. तिसरं माप इंजिन मधल्या फेऱ्यांवर चालू असताना, थेट बॅटरीच्या खुंट्यांवर. इथं १३.८ ते १४.५ दिसायला हवं. १२.५ वरच अडकलं तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं) असेल तर स्टेटर (वीज तयार करणारी गुंडाळी) आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) तपासायला लावा. डिझेल इंजिनाची लाँच असेल तर इंजिन बंद करून आधी अल्टरनेटरचा (वीज तयार करणाऱ्या भागाचा) बेल्ट अंगठ्यानं दाबून बघा. ढिला बेल्ट घसरतो आणि चार्जिंग निम्म्यावर येतं.

सेल्फच बॅटरी खातो, हा गैरसमज

पक्ष्यांजवळ गेल्यावर इंजिन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, त्यामुळं बॅटरी संपते असं बरेच नावाडी सांगतात. जरा हिशेब करू. सेल्फनं १५० अँपिअर ओढले आणि तीन सेकंदांत इंजिन लागलं, तर खर्च झाला अंदाजे ०.१२५ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास; बॅटरीची क्षमता यातच मोजतात). दहा वेळा मारला तरी सव्वा. आता त्याच बोटीवर गाण्यांचा अँप्लिफायर, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं मशीन), मोबाइल चार्जर आणि दिवे मिळून ४ अँपिअर घेत असतील, तर तीन तासांत १२ अँपिअर-तास जातात. खरी गळती ही आहे.

त्यात भर म्हणजे आपली बोट फ्लेमिंगोंच्या थव्याजवळ अगदी हळू चालते, आणि तशी ती चालायलाच हवी. पण लहान आउटबोर्डचं चार्जिंग साधारण ६ ते १२ अँपिअरचं असतं, तेही पूर्ण फेऱ्यांवर. आयडलिंगला त्यातले एक-दोन अँपिअर मिळाले तरी खूप. म्हणजे इंजिन दिवसभर चालू असूनही बॅटरी दिवसभर उतरतच असते. असा धंदा असेल तर गाणी-दिवे-मशीनसाठी वेगळी डीप सायकल बॅटरी (हळूहळू बरीच उतरली तरी चालणारी) ठेवा आणि सेल्फची बॅटरी फक्त सेल्फला राखा. शिवाय काही साध्या, दोरीनं ओढायच्या इंजिनांत चार्जिंगची सोयच नसते. आपल्या इंजिनात ती आहे का, हे आधी मॅन्युअलमध्ये बघा.

वरून चकचकीत, आतून सडलेली वायर

मला सगळ्यात जास्त फसवणारी जागा वाटते ती निगेटिव्ह केबलचा लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी. वरून काळी टेप गुंडाळलेली असते, नट घट्ट असतो, हलवून बघितलं तरी हलत नाही. टेप सोडवली की आत तांब्याच्या तारांवर हिरवी पावडर दिसते, बोटानं चोळली तर निम्म्या तारा तुकडे होऊन हातात येतात. उरलेल्या तारांतून दिवा लागतो, हॉर्न वाजतो, मीटरवर १२.६ सुद्धा दिसतं. सेल्फ मारला की मात्र नुसता "टक्" आवाज.

हे टेप न सोडवता पकडता येतं. मीटर व्होल्टवर ठेवा, एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी केबलच्या इंजिनाकडच्या टोकाला लावा, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्याच केबलमध्ये आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करा. केबल बदलताना टिनचा मुलामा असलेली तांब्याची घ्या, लग हातोडीनं न ठोकता क्रिम्पिंग मशीननं दाबून घ्या. खुंट्यांवरची पांढरी बुरशी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा, कोरडं करा, टर्मिनल आवळा आणि मगच व्हॅसलीन लावा. आवळण्याआधी आतून लावू नका.

बोट बंद, तरी बॅटरी उतरते?

सगळं बंद करा, निगेटिव्ह केबल काढा आणि खुंटी व केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खोबणीवर जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ०.३ अँपिअर जरी वाहत असला, तरी दिवसाला ७.२ अँपिअर-तास गळतात. ६० अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत निम्मी. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यानं आकडा पडेल तिथं चोर. बहुतेकदा तो म्युझिक सिस्टिमची थेट जोडलेली वायर किंवा तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा अडकलेला फ्लोट (पाणी वाढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच) असतो. पंपाची वायर मात्र कायमची तोडून टाकू नका. पंप वारंवार चालत असेल तर बोटीत पाणी कुठून येतंय ते आधी शोधा.

घरच्या इन्व्हर्टरवर चार्जिंग

ही सवय आपल्याकडे फार आहे आणि ती बॅटरी मारते. इन्व्हर्टरचं चार्जिंग १५० अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर बॅटरीला धरून ठेवलेलं असतं. बोटीची ३५ ची बॅटरी त्यावर लावली की ती तापते, पाणी उडतं. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट ठेवा, म्हणजे ६० च्या बॅटरीला ६ अँपिअर. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, जवळ बिडी-काडी नको. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

पाणी डिस्टिल्डच टाका. बोअरचं किंवा आरओचं नको. प्लेटी बुडालेल्या असतील तर पाणी चार्जिंग झाल्यावर भरा, आधी भरलं तर ॲसिड उतू येतं. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, फायबरच्या बंद डब्यात त्याहून जास्त तापतं. बॅटरीचं तापमान कायम १० अंशांनी वाढलेलं राहिलं तर तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डब्याला हवा जायला भोकं ठेवा, वर सावली करा, आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा.

चालू इंजिनात टर्मिनल काढू नका

"चार्जिंग होतंय का बघू" म्हणून इंजिन चालू असताना टर्मिनल उपसणारे मेकॅनिक अजूनही आहेत. त्या एका झटक्यात रेक्टिफायरचे डायोड जाऊ शकतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा मास्टर स्विच ऑफ करणं म्हणजेही तेच. उलटे टर्मिनल जोडले तरी तीच गत.

धरण उणे गेल्यावर

उजनी मृतसाठ्यात गेली की काठ मागे सरतो, बोटी गाळात टेकतात आणि बॅटरी डब्यातच विसरली जाते. उतरलेली बॅटरी तशीच पडली की प्लेटींवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी धरत नाही. काढून घरी आणा, पूर्ण भरा, सावलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. काठावर बोट ठेवणाऱ्यांना २० वॅटचं सोलर पॅनेल परवडतं, पण पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर (जादा चार्जिंग रोखणारं यंत्र) हवाच.

नव्या फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांना दोरी ओढून सुरू करायलाही बॅटरीत थोडा जीव लागतो. तुमचं इंजिन त्यातलं आहे का, हे काठावरच विचारून घ्या. संध्याकाळी उजनीवर वारा उठला की मध्यावर बंद पडलेली बोट भरकटते. म्हणून वल्ही, दोरी आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असल्याशिवाय बोट सोडू नका, बॅटरी कालच आणलेली असली तरी.