एआय एजंटला कळेल असं रेट लिमिटचं डॉक्युमेंटेशन: नवख्यांसाठी

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत टेक्निकल रायटर म्हणून मुलाखत द्यायची असेल, तर दाखवायला एखादा नमुना हाताशी हवा. त्यासाठी एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधलं रेट लिमिटिंग घ्या, म्हणजे ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट स्वीकारायच्या याची मर्यादा. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं आणि वरवर सोपं वाटतं, म्हणूनच त्यात लिहिणाऱ्याचा कस लागतो.

कॉन्फिगमध्ये ‘सेकंदाला 10’ दिसलं की वाटतं, सेकंदभरात केव्हाही 10 रिक्वेस्ट पाठवाव्यात. एनजिनएक्सचा हिशोब मात्र मिलिसेकंदांत चालतो: दर 100 मिलिसेकंदांना एक. ‘बर्स्ट’ (मर्यादेवरच्या किती रिक्वेस्ट सामावून घ्यायच्या तो आकडा) दिलेला नसेल आणि दहा रिक्वेस्ट एकदम आल्या, तर एक आत जाते आणि नऊ परत फिरतात. त्याही 429 (खूप रिक्वेस्ट आल्या) नव्हे, 503 (सेवा उपलब्ध नाही) घेऊन, कारण तिथला डीफॉल्ट कोड तोच. माणूस लॉग उघडून कारण शोधतो. एजंट, म्हणजे सर्व्हरला स्वतःहून रिक्वेस्ट पाठवणारा एआय प्रोग्राम, मात्र 503 म्हणजे सर्व्हर पडला असं समजून युझरला तसंच सांगून मोकळा होऊ शकतो. म्हणून आधी ‘लिमिट-रेक-स्टेटस’ (limit_req_status) ही सेटिंग 429 करून घ्या, लिहायला मग बसा. चुकीच्या वागण्यावर सुंदर परिच्छेद लिहिण्यात अर्थ नाही.

बर्स्ट 20 ठेवला असेल, तर लिहायचं ते असं: “प्रत्येक आयपीला दर 100 मिलिसेकंदांना 1 रिक्वेस्ट. त्यावरच्या 20 पर्यंत रांगेत थांबतात. त्याहून जास्त आल्यास 429.” इथे एक गोष्ट हमखास राहते. 21 रिक्वेस्ट एकदम आल्या तर शेवटची 2 सेकंदांनी पुढे सरकते. एजंटच्या टूलचा टाइमआउट 1 सेकंद असेल तर लिमिट न ओलांडताही ती फेल दिसणार. हे आकडे लिहा. ‘थोडा उशीर होऊ शकतो’ यातून एजंटला काहीच कळत नाही. मोजणी आयपीवर आहे की एपीआय कीवर (वापरणाऱ्याला दिलेल्या ओळखीच्या कोडवर), हेही तिथेच सांगा. ऑफिसचा अख्खा मजला एकाच पब्लिक आयपीमागे असला, तर शेजारच्या टीमच्या स्क्रिप्टमुळे तुमचा एजंट अडतो.

खरा घोळ वेळेचा असतो. ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये (पुन्हा कधी पाठवायचं ते सांगणाऱ्या उत्तरातल्या ओळीत) सेकंद येऊ शकतात किंवा पूर्ण तारीख, दोन्ही नियमाला धरून आहे. तुमचं टूल काय पाठवतं ते उदाहरणासकट द्या. मर्यादा पुन्हा कधी मोकळी होते ते सांगणाऱ्या ‘रीसेट’ हेडरचं तर विचारूच नका. कुठे उरलेले सेकंद, कुठे युनिक्स टाइमस्टॅम्प (1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद). 1767225600 हा आकडा म्हणजे 1 जानेवारी 2026, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र. एजंटने तो उरलेले सेकंद समजून वाचला तर 56 वर्षं थांबेल. तसंच ‘कोटा रोज मध्यरात्री भरतो’ हे वाक्य. मध्यरात्र यूटीसीची असेल तर ठाण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

एरर आली की एजंटसमोर असतो तो तिचा मजकूर. डॉक्युमेंटेशनचं पान तो उघडेलच असं नाही. म्हणून त्या मजकुरातच चार गोष्टी हव्यात: कोणती मर्यादा संपली, किती सेकंद थांबायचं, पुन्हा पाठवलं तर काम दोनदा होईल का, आणि थांबून उपयोग नसेल (महिन्याचा कोटा संपला असेल) तर तसं स्पष्ट. एनजिनएक्स ‘रिट्राय-आफ्टर’ आपणहून देत नाही; ‘ॲड-हेडर’ (add_header) या सेटिंगने घालावं लागतं, आणि त्या ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ (always) नसेल तर 429 वर ते येतच नाही. शिवाय सगळ्यांना ‘30 सेकंद’ सांगितलं तर सगळे एजंट एकाच क्षणी परत धडकतात. त्यावर 0 ते 5 सेकंदांची रँडम भर घालायला सांगा.

मांडणीबद्दल थोडक्यात: ‘वर सांगितल्याप्रमाणे’ टाळा. एजंटच्या हाती पानाचा तुकडाच येण्याची शक्यता असते, तेव्हा ‘वर’ काही नसतं. आकडे चित्रात अडकवू नका.

तपासणी फार लोक करत नाहीत. लिमिट मुद्दाम घट्ट करा, म्हणजे मिनिटाला 6, बर्स्ट नाही. एजंटला फक्त तुमचं पान द्या आणि पाच रेकॉर्ड आणायला सांगा. मग ॲक्सेस लॉगमधल्या वेळा बघा. नीट लिहिलं असेल तर दोन रिक्वेस्टमध्ये 10 सेकंदांहून थोडं जास्त अंतर दिसेल. सेकंदाला एकेक 429 ची रांग दिसली तर वाक्य बदला आणि तीच चाचणी नव्या सेशनमध्ये चार-पाच वेळा घ्या, कारण तोच एजंट तोच मजकूर दर वेळी सारखाच वाचत नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही लॉग नमुन्याला जोडा.