अमली पदार्थ धोरण सुधारणेसाठी अनुदान मागताय? कायदा बदलून दाखवण्याचं वचन देऊ नका

संस्थेची नोंदणी झाली आहे, तीन वर्षांचे ताळेबंद हाताशी आहेत, मंडळाचा ठराव झाला आहे, असं धरून पुढे जातो. हा लेख धोरण बदलायला निघालेल्या गटांसाठी आहे. स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणं हा गुन्हा राहू नये, स्वच्छ सुया आणि नालोक्सोन (अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनावर उतारा देणारं औषध) सहज मिळावं, कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिनसाठी वणवण करावी लागू नये, अशा मागण्या करणारे हे गट. त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. 'मनाला भिडणारी गोष्ट सांगा', 'अर्ज देखणा करा' असं ते सांगतात. मी असे अर्ज वर्षानुवर्षं लिहिले आहेत आणि दुसऱ्यांचे तपासलेही आहेत. गोष्ट चांगली नव्हती म्हणून अर्ज पडलेला मला आठवत नाही. अर्ज पडतात ते अपेक्षित फलिताच्या रकान्यात.

पहिली पायरी: दाता ओळखा

या कामात पैसा थोडा आहे, हे आधी मान्य करा. हार्म रिडक्शन इंटरनॅशनल या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत अमली पदार्थांमुळे होणारी हानी कमी करण्याच्या सेवांवर (स्वच्छ सुया, नालोक्सोन वगैरे) साधारण १५.१ कोटी डॉलर खर्च झाले. गरजेच्या तुलनेत हे जेमतेम ६ टक्के. धोरणाच्या पाठपुराव्याला मिळतो तो यातला लहानसा तुकडा. त्यामुळे पन्नास ठिकाणी एकच अर्ज पाठवत बसण्यापेक्षा पाच ठिकाणं नीट अभ्यासा. रॉबर्ट कार फंड हा एचआयव्हीच्या क्षेत्रातला निधी प्रादेशिक आणि जागतिक नेटवर्कना पैसे देतो, एकट्या स्थानिक संस्थेला नाही. म्हणून तिथे थेट अर्ज न करता एखाद्या नेटवर्कमध्ये सामील व्हा. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीच्या ग्लोबल फंडाचा पैसा देशाच्या एकत्रित अर्जातून येतो, तेव्हा देशाच्या समन्वय समितीत तुमचा मुद्दा मांडणारं कोणी आहे का, हे वर्षभर आधी पाहायला हवं. खासगी फाउंडेशनने गेल्या दोन वर्षांत कुणाला किती रक्कम दिली, ती यादी वाचा. त्यांच्या संकेतस्थळावरच्या उद्दिष्टांपेक्षा ती यादी जास्त खरं बोलते.

दुसरी पायरी: कायद्याची रेषा कुठे आहे ते पाहा

पाठपुरावा आणि लॉबिंग (एखाद्या कायद्यासाठी आमदार-खासदारांवर थेट प्रभाव टाकणं) यांतली रेषा प्रत्येक देशात वेगळी असते. अमेरिकेत ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेला मर्यादेत लॉबिंग करता येतं. करकायद्यातला ५०१(एच) हा पर्याय निवडला तर पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. खासगी फाउंडेशनला मात्र लॉबिंगसाठी म्हणून राखून ठेवलेला पैसा देता येत नाही. तिथे सर्वसाधारण अनुदान मागावं, किंवा प्रकल्पाच्या बजेटमध्ये लॉबिंगचा खर्च स्वच्छ वेगळा दाखवावा. भारतात परदेशी निधी घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा, लागू होतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. छोट्या गटांना पुढे वाटून देण्याची योजना अर्जात असेल, तर ती इथेच अडते. हे काम वकिलाकडून एकदा तपासून घ्या. त्यात काटकसर नको.

तिसरी पायरी: फलित लिहा, आणि इथे घाई करू नका

माझ्या सुरुवातीच्या एका अर्जात मी लिहिलं होतं, 'अठरा महिन्यांत बाळगण्यासंबंधीच्या कलमात दुरुस्ती होईल.' पैसे मिळाले. दहाव्या महिन्यात निवडणुका जाहीर झाल्या, ज्या समितीपुढे आम्ही मांडणी करत होतो ती बरखास्त झाली आणि नव्या सरकारने तो विषय हातातही घेतला नाही. त्या काळात आम्ही अकरा डॉक्टरांना जाहीरपणे बोलायला तयार केलं होतं. पोलिसांमधल्या दोन निवृत्त अधिकाऱ्यांनी आमच्या टिपणावर सह्या केल्या होत्या. पण अंतिम अहवालात फलिताच्या रकान्यासमोर एकच शब्द लिहावा लागला, 'नाही'. नूतनीकरण झालं नाही. पुढे दाता संस्थेच्या एका कार्यक्रम अधिकाऱ्याने माझ्या दुसऱ्या एका मसुद्यात तशाच ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'हे तुमच्या हातात आहे का?' तेव्हापासून अर्ज पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक ओळीला हा प्रश्न विचारतो.

धोरणाचं घड्याळ अनुदानाच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. भारतात १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं जिकिरीचं झालं. वेदनाशमनाचं काम करणाऱ्यांनी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि परवान्यांची गुंतागुंत सोडवणारी दुरुस्ती संसदेत २०१४ मध्ये झाली. मधली सात वर्षं एकाही दोन वर्षांच्या अनुदानात मावत नाहीत. २००९चा त्यांचा एखादा अहवाल 'कायदा बदलला का?' याच मापाने मोजला असता, तर ते काम अपयशी ठरलं असतं.

आणि कायदा बदलला तरी काम संपत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी 'मेझर ११०' हा प्रस्ताव मंजूर केला आणि फेब्रुवारी २०२१ पासून थोडा अमली पदार्थ बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही. उपचारांसाठी ठरवलेला पैसा मात्र सेवांपर्यंत उशिरा पोहोचला. रस्त्यावरच्या उघड सेवनाचा राग वाढत गेला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. २०२०च्या डिसेंबरमध्ये अहवाल देणाऱ्याला 'साध्य' असं लिहिता आलं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की विजयानंतरच्या दोन वर्षांचा पैसा त्याच अर्जात मागा, अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी आणि झालेला बदल टिकवण्यासाठी. पोर्तुगालने २००१ मध्ये गुन्हा हटवताना व्यसनापासून परावृत्त करणारे आयोग आणि उपचारव्यवस्था बरोबरच उभी केली होती. तो धडा तुमच्या बजेटमध्ये दिसायला हवा.

मग लिहायचं काय? जिथपर्यंत तुमचा हात पोहोचतो तिथपर्यंतचं लिहा. 'कलमात दुरुस्ती होईल' याऐवजी असं लिहा: 'दुरुस्तीचा मसुदा आणि खर्चाचा अंदाज समितीच्या किमान पाच सदस्यांपर्यंत पोहोचेल, त्यांपैकी दोघे सभागृहात किंवा लेखी प्रश्न विचारतील, आणि वैद्यकीय संघटना लेखी भूमिका घेईल.' यातलं पहिलं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. दुसरं आणि तिसरं अर्धं तुमच्या हातात आहे, म्हणून त्यांच्यासमोर 'निवडणूक लागली तर काय' हे दोन ओळींत लिहा. तपासणारा ती ओळ शोधतच असतो.

पुरावा रोज गोळा करा. प्रत्येक भेटीच्या संध्याकाळी चार ओळी लिहून ठेवायच्या: कोण भेटलं, आपण काय मागितलं, त्यांनी नेमकं काय म्हटलं, पुढची तारीख कोणती. एकदा एका समितीच्या छापील प्रश्नावलीत आमच्या टिपणातली तीन वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी आली. टिपण दिल्याची तारीख आमच्या वहीत होती, म्हणूनच अहवालात ते आमचं योगदान म्हणून दाखवता आलं. श्रेय सगळं स्वतःकडे ओढू नका. या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात.

चौथी पायरी: बजेट

पगार पूर्ण दाखवा. पाठपुरावा माणसं करतात, पत्रकं नाही.

ज्यांच्यासाठी हा बदल मागता, त्या अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तींना सल्लागार म्हणून बोलावत असाल तर मानधन लिहा, चहापाण्यावर भागवू नका. एक कळकळीची सूचना: जिथे बाळगणं अजून गुन्हा आहे, तिथे परिशिष्टात त्यांची नावं, फोटो किंवा सहीची हजेरीपत्रकं जोडू नका. अर्ज किती जणांच्या हातातून जातो याचा भरवसा नसतो. दात्याने पुरावा मागितला तर सांकेतिक क्रमांक द्या. यावर अडून बसणारा दाता मी दोनदा सोडला आहे, आणि पुन्हाही सोडेन.

पाचवी पायरी: पाठवा

मुदतीच्या दोन दिवस आधी.

नकार आला तर आठवड्याभरात कार्यक्रम अधिकाऱ्याला लिहून एकच प्रश्न विचारा: 'कोणत्या रकान्यात आम्ही कमी पडलो?' बहुतेक जण उत्तर देतात. ते उत्तर पुढच्या मसुद्याच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा आणि दुरुस्तीला तिथूनच सुरुवात करा.