विदेशातून आलेला महागडा अनलॉक्ड फोन: पैसे देण्यापूर्वीची तयारी

पैसे हातातून सोडण्यापूर्वी आपले स्वतःचे सिमकार्ड त्या फोनमध्ये घालावे, त्यावरून एक फोन लावावा आणि घरच्या कोणाला तरी त्याच क्रमांकावर एक फोन लावायला सांगावे. किंमत, कॅमेरा, रंग आणि भावोजींची शिफारस या सर्व गोष्टींचा विचार त्यानंतर करावा.

लाख-सव्वालाखाचा फोन गोव्यात साधारणपणे तीन वाटांनी घरात येतो. एक तर पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानातून, दुसरा बोटीवर, आखातात किंवा लंडनला असलेल्या नातलगाच्या सामानातून, आणि तिसरा कोणीतरी काही महिने वापरून विकायला काढलेला. भारतातील दुकानात मिळणारे जवळजवळ सर्व फोन मुळातच अनलॉक्ड, म्हणजे कोणत्याही एका सेवा कंपनीच्या सिमला न बांधलेले, असतात. त्यामुळे तेथे कोणी त्या एका गुणासाठी जास्त पैसे मागत असेल तर सरळ उठून यावे. हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो बाहेरून आलेल्या फोनबाबत. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून आणि कॅनडात डिसेंबर २०१७ पासून मोबाइल सेवा कंपन्यांना कुलूपबंद फोन विकण्यास मनाई आहे, म्हणून तेथून त्यानंतर नवा घेतलेला फोन या बाबतीत बहुधा सुरक्षित असतो. अमेरिकेत मात्र सेवा कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला फोन हप्ते फिटेपर्यंत त्याच कंपनीला बांधलेला असू शकतो, आणि तो पाठवणाऱ्या नातलगालाही ते कित्येकदा ठाऊक नसते. आयफोन असेल तर सेटिंग्जमधील जनरल आणि त्याखालील अबाउट या पानावर ‘कॅरिअर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले असले पाहिजे. नातलगाला त्या पानाचे छायाचित्र पाठवायला सांगण्यात संकोच करू नये. सॅमसंगच्या काही फोनांच्या खोक्यावर वेगळीच चिकटपट्टी असते: पहिल्यांदा तो फोन ज्या प्रदेशासाठी विकला त्याच प्रदेशातील सिमवर सुरू करावा लागतो. तेव्हा खोके फेकून नुसता फोन आणू नका, असे आधीच कळवावे.

आता पुन्हा सिमकार्डाकडे येतो, कारण कुलूप नसणे आणि फोन लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गेल्या वेळी मी सेवा कंपनीचे कुलूप नाही एवढेच पाहिले, वायफायवर चित्रफिती धडाधड चालताना पाहून समाधान मानले आणि पैसे दिले. घरी आल्यावर इंटरनेट चालत होते; फोन मात्र लागत नव्हता. याचे कारण साधे आहे आणि ते कोणताही विक्रेता आपण होऊन सांगत नाही. जिओच्या जाळ्यात २जी आणि ३जी मुळातच नाहीत; तेथे आवाजाचा फोन व्होल्टेवरूनच, म्हणजे ४जीच्या इंटरनेट जाळ्यावरूनच, जातो. फोनच्या मॉडेलला किंवा त्यातील सॉफ्टवेअरला आपल्या सेवा कंपनीचे व्होल्टे मान्य नसेल, तर तो फोन म्हणजे खिशात मावणारा महागडा टॅब ठरतो. एअरटेल किंवा व्हीआय असेल तर आवाज २जीवर उतरतो, म्हणजे बोलणे होते, पण तेवढा वेळ इंटरनेट थांबते, आणि फोन लागायलाही विलंब होतो. सव्वा लाख रुपये मोजून ही स्थिती कोणी पत्करावी, हे मला समजत नाही.

ही चाचणी कशी करावी तेही नीट सांगतो, कारण अर्धवट केलेली चाचणी न केल्यासारखीच असते. प्रथम वायफाय बंद करावे, ते चालू राहिले तर वायफाय कॉलिंगमुळे फोन लागल्याचा भास होतो आणि विक्रेता “दादा, बघा, लागला की नाही!” असे म्हणून मोकळा होतो. मग फोन लावावा आणि बोलत असताना वरच्या पट्टीत व्होल्टेचे चिन्ह दिसते का, ते पाहावे. बोलणे चालू असतानाच ब्राउझरमध्ये एखादे पान उघडून पाहावे. ते उघडले नाही तर आवाज २जीवर गेला असे धरून चालावे. नंतर आलेला फोन घ्यावा, कारण जाणारा लागतो आणि येणारा वाजतच नाही असेही घडते. त्यानंतर त्या फोनवरून एक साधा एसएमएस पाठवावा आणि एक मागवावा. बँकेचे ओटीपी बहुधा एसएमएसनेच येतात, आणि यूपीआयची नोंदणी करताना फोन आपण होऊन आपल्या सिमवरून एक एसएमएस पाठवतो. तो गेला नाही तर नव्या फोनवर मासळीचेसुद्धा पैसे देता येत नाहीत. दोन सिम वापरत असाल तर हेच सर्व दुसऱ्या सिमवरही करावे. विक्रेत्याचे सिम नको, मित्राचे सिम नको, आपले सिम.

शक्य असेल तर हे आपल्या घरात करावे, आणि विक्रेता ओळखीचा असेल तर ते अशक्य नाही. सत्तरी, सांगे, काणकोण किंवा पेडण्याच्या आतील वाड्यांत राहणाऱ्यांनी तर हे करावेच. जुनी घरे चिऱ्यांची, भिंती हात-दीड हात रुंद. स्वयंपाकघरात रेंज नसते आणि बोलायचे झाले की माणूस बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, येऊन उभा राहतो, हे दृश्य कोणाला नवे नाही. येथे फोनच्या किमतीपेक्षा तो कोणत्या लहरींवर चालतो याला महत्त्व आहे. ५जीचा वेग ज्यावर मिळतो तो ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा जाड भिंतीपुढे लवकर थकतो. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या मानाने दूर जातात आणि आतही शिरतात. जिओचे ५जी ३३०० बरोबर ७०० वरही आहे आणि ४जीसाठी तिच्याकडे ८५० चा पट्टा आहे. बीएसएनएलच्या ४जीलाही ७०० चा पट्टा मिळालेला आहे. तेव्हा उत्पादकाने दिलेल्या बँडच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांच्या, यादीत एन७८ (३३०० चा) आणि एन२८ (७०० चा) हे ५जीचे, तर ३, ५, ८, २८ आणि ४० हे ४जीचे बँड आहेत का, ते पाहावे. बीएसएनएलवर अवलंबून असणाऱ्यांनी २८ वर बोट ठेवूनच पुढे जावे. अमेरिकन मॉडेलातील मिलिमीटर-लहरींच्या (फार वेगवान, पण जवळच पोहोचणाऱ्या ५जी लहरींच्या) सोयीचे कौतुक कोणी करू लागले तर ऐकून घ्यावे आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

ही यादी पाहताना फोनचे नाव उपयोगाचे नाही, मॉडेल क्रमांक लागतो. गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा हे नाव एकच, पण एसएम-एस९२८बी हा भारतासह अनेक देशांत विकला जाणारा फोन, एसएम-एस९२८यू हा अमेरिकन सेवा कंपन्यांचा आणि एसएम-एस९२८० हा हाँगकाँग व चीनकडचा. आयफोनचा ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक अबाउटच्या पानावर मॉडेलच्या ओळीवर बोट टेकवले की दिसतो. तो घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर जावे आणि बँडची यादी आपल्या डोळ्यांनी वाचावी. ती वाचून सर्व काही जुळले तरी सिम घालून फोन लावण्याची चाचणी टाळता येत नाही. बँड जुळूनही व्होल्टे न चालणारे फोन असतात, आणि मी हे तिसऱ्यांदा लिहीत आहे ते उगाच नव्हे.

सिमच्या खाचेकडेही पाहावे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलांत सिमकार्डाची खाचच नाही, सर्व काही ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवून घेतलेल्या सिमवर, आहे. उलट हाँगकाँगच्या बऱ्याच आयफोनांत दोन खऱ्या सिमकार्डांची जागा असते. ई-सिम वाईट नव्हे, परंतु फोन विहिरीच्या काठावरून खाली गेला तर कार्ड काढून जुन्या फोनमध्ये घालण्याचा मार्ग उरत नाही, आणि नवे ई-सिम घेताना ओटीपी कोठे येणार हा प्रश्न उभा राहतो. घरात एकच क्रमांक बँकेला जोडलेला असेल तर मी खाच असलेलाच फोन घेईन.

वापरलेल्या फोनबाबत आणखी तीन कुलपे तपासावी लागतात. पहिले जुन्या मालकाच्या खात्याचे: विक्रेत्याने आपल्यासमोर ॲपल किंवा गूगलच्या खात्यातून बाहेर पडून फोन पूर्ण पुसावा आणि तो पासवर्ड न मागता पुन्हा सुरू झाला पाहिजे. “पासवर्ड उद्या पाठवतो” म्हणणाऱ्याला पैसेही उद्याच द्यावेत. दुसरे कर्जाचे: हप्त्यांवर घेतलेल्या काही फोनांत हप्ता चुकला की फोन बंद पाडणारे सॉफ्टवेअर बसवलेले असते, म्हणून कर्ज फिटल्याचा कागद मागावा. तिसरे चोरीचे: *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहावा, तो खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून घ्यावा, आणि केवायएम (KYM) लिहून, मोकळी जागा सोडून, तो पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा किंवा संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहावा. क्रमांक काळ्या यादीत, दुबार किंवा आधीच वापरात असल्याचे उत्तर आले तर फोन कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

आता घेण्याजोगा आहे की नाही, याचा हिशेब. भारतातील किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून बाहेरचा भाव स्वस्त वाटतो. पण मोपा किंवा दाबोळीच्या विमानतळावर उतरताना सामानाच्या मोफत मर्यादेवरील मालावर सीमाशुल्क भरावे लागते, आणि वॉरंटी भारतात मानली जाईल की नाही हे उत्पादकाकडून लेखी विचारून घ्यावे. ती मानली जाणार नसेल तर पडदा आणि बॅटरी बदलण्याचा खर्च आजच किमतीत मिळवून बघावा. बऱ्याचदा तेथेच स्वस्ताई संपते. बिनव्याजी हप्त्यांतही व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा आपल्याच माथी येते.

किंमत किती वर्षांत वाटली जाणार, हा खरा प्रश्न आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले आहे. म्हणजे एक लाखाचा फोन सात वर्षे चालवणार असाल तर तो दोन वर्षांनी टाकून द्यावा लागणाऱ्या चाळीस हजारांच्या फोनपेक्षा स्वस्त पडतो. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याने मात्र या वचनाचे पैसे देऊ नयेत. बॅटरी तेवढी टिकत नाही: ॲपलच्याच म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर आणि आयफोन १५ पासूनच्या १००० नंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनवलेल्या आहेत, तेव्हा मध्ये एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च धरावाच. आयपी६८ ही पाणी-धूळ रोखण्याची खूण पाहून समुद्रात जाऊ नये. ती चाचणी गोड्या पाण्यातील असते, आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. जूनमध्ये स्कूटरवरून भिजत घरी आल्यावर ओल्या खाचेत चार्जर घालणाऱ्यांना तर मी काहीच सांगत नाही.

पडदा, स्पीकर, मायक्रोफोन, कॅमेरा: पाहून घ्या. साठवण २५६ जीबीपेक्षा कमी नको, कारण या फोनांत मेमरी कार्ड बहुधा बसत नाही. जपान किंवा कोरियातून आलेला असेल तर छायाचित्र काढताना होणारा आवाज बंद करता येतो का, ते विचारा. बिल आपल्या नावाचे, त्यावर आयएमईआय लिहिलेला. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगायला हातात कागद लागतो. ज्यांना अजूनही घाई आहे त्यांनी निदान सिम घालून फोन तरी लावावा, बाकीचे सोडले तरी चालेल.

फोन घेतल्यावर जुना लगेच कोणाला देऊन टाकू नये. बँकेची ॲप, यूपीआय आणि डिजिलॉकर नव्या फोनवर नीट बसेपर्यंत तो चालू ठेवावा. फोन बदलल्यावर पहिल्या दिवशी यूपीआयची मर्यादा बहुधा कमी असते, म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी हा उद्योग काढू नये.